दोउरूच्या खोऱ्यात सायकल: किलोमीटर सोडा, चढ मोजा

प्रश्न असा आहे: "आम्ही नवरा-बायको, वय 53 आणि 50. पुणे-गोवा सायकलने दोनदा केलंय, दिवसाला 80-90 किमी सहज होतात. सप्टेंबरअखेरीस पोर्तुगालमध्ये पोर्तोहून दोउरू नदीच्या काठाकाठाने स्पेनच्या हद्दीपर्यंत जायचा बेत आहे. अंतर 200 किमीच्या आसपास दिसतं. तीन दिवस पुरतील का? सायकली इथून न्याव्यात का? आम्ही दोघंही शाकाहारी."

तीन दिवसांत होईल, पण करू नका. आणि 'काठाकाठाने' हे आधी डोक्यातून काढून टाका. दोउरूच्या काठाने सलग रस्ताच नाही. नकाशावर नदीला चिकटून जी बारीक रेघ दिसते ती रेल्वेची आहे. 1887 साली ही लाइन पार स्पेनच्या हद्दीवरच्या बार्का दाल्व्हापर्यंत पोचली. नदीलगत जी काही जेमतेम सपाट जागा होती ती रुळांनी घेतली. पिन्यांव या मधल्या गावाच्या पुढे, आता गाडी जिथे संपते त्या पोसिन्युपर्यंत तर बराच पट्टा असा आहे की पाण्याजवळून फक्त गाडी जाते. रस्ता मात्र डोंगराच्या माथ्यावरून फिरतो.

गावंही वरच आहेत. मी पोर्तोत राहते, गेली नऊ वर्षं या खोऱ्यात सायकल चालवते आहे, ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊनही जाते. नदीवर धरणं होण्याआधी इथले पूर भयंकर असायचे आणि दरीच्या तळाला उन्हाळ्यात भट्टी पेटते, म्हणून माणसं वर राहिली आणि द्राक्षं उतारावर लावली. नदी साधारण 70 ते 130 मीटर उंचीवर, गावं 500-600 मीटरवर. म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर बहुतेक वेळा एक दरी उतरायची आणि तेवढंच पुन्हा चढायचं. तुम्ही पुण्याचे, म्हणून तुमच्याच मापात सांगते: पायथ्यापासून सिंहगडाचा जेवढा चढ, जवळपास तेवढा चढ इथे रोज, आणि तोही सामान लादून. तुमचे 80-90 किमी इथे 40-45 समजा. दिवस आखताना आधी चढ बघा, अंतर नंतर. दिवसाला 700-800 मीटर चढ ही मी घातलेली मर्यादा आहे. त्यापुढे माणूस नुसता पुढच्या चाकाकडे बघत राहतो आणि ज्यासाठी आलो ते बघायचं राहून जातं.

दुसरा सल्ला, आणि हा मी सगळ्यांना आग्रहाने देते: पोर्तोतून सायकलवर निघू नका. शहराबाहेरचा रस्ता वळणांचा, वस्तीचा, गाड्यांचा, आणि चढउतार तिथेही सुटत नाही. जुनं बंदर, दों लुईश पूल, पलीकडे व्हिला नोव्हा द गायाची मद्याची कोठारं, हे एक दिवस पायी बघा आणि सकाळच्या गाडीने नदीकाठचं रेग्वा गाव गाठा. साध्या प्रादेशिक गाडीत सायकल फुकट नेता येते, पण जागा असेल तरच. गर्दी असली तर तिकीट तपासनीस नाही म्हणू शकतो. म्हणून शनिवार-रविवार टाळा आणि पहिली गाडी धरा. लाइनीवर काम निघालं की गाडीऐवजी बस सोडतात आणि बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही. आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन खिडकीवर विचारून या. रेग्वाला जाताना उजवीकडची खिडकी धरा, नदी त्या बाजूला आहे.

आता रस्ता. रेग्वा ते पिन्यांव हा 222 क्रमांकाच्या रस्त्याचा तुकडा दक्षिण काठाने जातो. 27 किमी, जवळजवळ सपाट, शेजारी पाणी. तुमच्या मनातला 'काठाकाठाने' रस्ता एवढाच, त्यामुळे पहिल्या दिवशी तो मनसोक्त उपभोगा. मोटारवाल्यांमध्ये हा रस्ता फार प्रसिद्ध आहे, सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलींच्या टोळ्या येतात. आठवड्यातल्या मधल्या वारी, नऊच्या आत निघा. ओव्हरटेक करताना सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचं असा इथे कायदा आहे आणि स्थानिक लोक तो बऱ्यापैकी पाळतात.

याच रस्त्यावर थांबून डोंगराकडे नीट बघा. उतारावर दगडी बांधांच्या रांगाच रांगा आहेत. कोकणात गडगा घालतात तसेच, चुन्या-मातीशिवाय, दगडावर दगड बसवून. दगड शिस्टचा, पाटीसारख्या उभ्या चिरफाळ्या होणारा. मूळ जमिनीत माती नव्हतीच. लोकांनी हा खडक पहारीने फोडला, त्याच्या चुऱ्याची माती केली, निघालेल्या दगडाचे बांध घातले आणि त्या मजग्यांवर वेली लावल्या. खडकाच्या उभ्या फटींतून मुळं खोल जातात, म्हणून कडक उन्हाळ्यात वेल तग धरते. अधूनमधून काही मजग्या ओसाड दिसतील, बांध ढासळलेले, झुडपं माजलेली. त्यांना 'मोर्तोरियु' म्हणतात. 1860 च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची कीड आली, तिने वेलींची मुळं खाल्ली आणि पुष्कळ मळे जे मेले ते पुन्हा लावलेच गेले नाहीत. मला स्वतःला ते ओसाड तुकडे बघितल्याशिवाय खोरं कळलं असं वाटत नाही. हिरव्या मजग्या किती कष्टाने जिवंत ठेवल्या आहेत ते त्यांच्याकडे बघून समजतं.

बांधांमध्ये एखादा उभा ग्रॅनाइटचा खांब दिसला तर सायकल लावून जवळ जा. त्यावर 'फेइतोरिया' असं कोरलेलं असेल आणि खाली साल, 1758 किंवा 1761. पोंबालचा मार्केझ म्हणजे तेव्हाचा पोर्तुगालचा बलाढ्य मंत्री. त्याने 1756 साली सरकारी कंपनी काढून पोर्ट या इथल्या मद्याचा मुलूख आखून दिला. कुठल्या जमिनीतली द्राक्षं पोर्ट मद्याला चालतील आणि कुठली नाही, हे ठरवायला असे तीनशेहून अधिक खांब रोवले. सरकारी हद्द आखून नियम घातलेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या द्राक्षमुलखांपैकी हा एक. 2001 पासून जागतिक वारसा. शिस्टच्या काळपट बांधात तो पांढुरका खांब लगेच उठून दिसतो.

पिन्यांवला दोन रात्री मुक्काम ठेवा. स्टेशनच्या भिंतींवर 1937 साली बसवलेली निळ्या फरशांची 24 चित्रं आहेत: द्राक्षतोडणी, पाठीवरच्या टोपल्या, शिडाच्या चपट्या होड्या. त्या होड्यांना 'राबेलो' म्हणत, त्यांतूनच मद्याची पिंपं पोर्तोकडे जायची. इथे मद्य 'पीपा'वर मोजतात, एक पीपा म्हणजे 550 लिटर. आपलं पिंप ते हेच. पोर्तुगिजांबरोबर आलं आणि आपल्या न्हाणीघरात पाण्याचं होऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सामान खोलीवर ठेवून उत्तरेकडच्या डोंगरावर चढा: काझाल द लोइवुश, मग फावायुश. काझाल द लोइवुशचा चढ छोटा पण खडा आहे. वहिनींना किंवा तुम्हाला उतरून ढकलावी लागली तर खुशाल ढकला, वरून नदीचं जे वळण दिसतं त्यापुढे ते काहीच नाही. फावायुश हे पावाचं गाव. चार कोपरे दुमडलेला गव्हाचा पाव तिथे अजून लाकडाच्या भट्टीत भाजतात. सकाळी दहाच्या सुमाराला पोचलात तर कागदात गुंडाळलेला गरम पाव हातात येतो, वरचा कोपरा मोडला की आतून वाफ निघते. तिथेच पायरीवर बसून चीज आणि ऑलिव्हबरोबर खा. इथल्या चारही कोपऱ्यांना खरपूस कडा येते आणि ती कुणी वाटून घेत नाही.

याच भागात एकदा फरसबंद गल्लीतून उतरताना माझ्या कॅरियरचा बोल्ट ढिला झाला. सायकल भाड्याची होती आणि माझ्याकडचा एकही पाना त्याला बसेना. द्राक्षं भरलेल्या ट्रॅक्टरशेजारी एक आजोबा उभे होते. पोर्तुगीजमध्ये पान्यालाही किल्लीचाच शब्द आहे, 'शाव'. मी तो शहरात शिकलेल्या उच्चाराने दोनदा म्हटला. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "आ, चाबे!" उत्तरेकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'श'चा 'च' आणि 'व'चा 'ब' होतो. आपली चावी समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकून मला क्षणभर काही सुचलंच नाही. त्यांनी सीटखालच्या डब्यातून 8 नंबरचा पाना काढला, बोल्ट स्वतः आवळला आणि वर मूठभर द्राक्षं दिली. तेव्हापासून मी 8 आणि 10 चे दोन छोटे पाने सोबत ठेवते, तुम्हीही ठेवा.

पिन्यांवहून पुढे दोन मार्ग आहेत आणि इथे तुम्ही आपापल्या ताकदीने ठरवा. 222 चाच रस्ता पकडला तर सुरुवातीचे काही किमी ओढ्याच्या दरीतून सोपे जातात, मग एर्व्हेदोझामार्गे सांव जुआंव द पेस्केइरापर्यंत चढत राहतो. एकूण पाचशे मीटरहून जास्त. चढ सौम्य आहे पण सावली नाही. 'सांव जुआंव' म्हणजे गोव्यातला सांजांव, त्याच संताच्या नावाचं गाव. पोचलात की संध्याकाळी जवळच्या सांव साल्व्हादोर दु मुंदुच्या टेकडीवर जा. खाली व्हालेइराचं धरण आहे. धरणाआधी तिथे नदीचा भयानक धबधबा होता, होड्या तिथून पुढे जाऊच शकत नसत. 1780 ते 1792 या काळात खडक फोडून वाट केली, तरी जागा धोक्याचीच राहिली. या नदीचा तपशीलवार नकाशा काढणारा इंग्रज व्यापारी जोसेफ फॉरेस्टर 1861 साली इथेच होडी उलटून बुडाला. त्याच होडीत दोना आंतोनिया फेरेइरा ही खोऱ्यातली मोठी मळेवाली बाई होती, ती वाचली. तिच्या घेरदार परकराने तिला तरंगत ठेवलं असं लोक आजही सांगतात. आता तिथे पाणी इतकं गुळगुळीत आहे की यातलं काही घडलं असेल असं वाटत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पिन्यांवहून थेट गाडीने पोसिन्यु. यात कमीपणा मानू नका. उलट हा पट्टा पाण्याजवळून बघायचा तर गाडी नाहीतर बोट, एवढेच पर्याय आहेत. मी सांव जुआंवचा रस्ता चढले त्या वर्षी मजग्या बघितल्या आणि गाडीने गेले त्या वर्षी नदी बघितली. पोसिन्युहून व्हिला नोव्हा द फोझ कोआ गावापर्यंत तीनशेएक मीटरचा चढ आहे, तासाभरात होतो.

फोझ कोआला एक पूर्ण दिवस सायकलला हात लावू नका. कोआ ही दक्षिणेकडून येऊन दोउरूला मिळणारी उपनदी. 1990 च्या दशकात तिच्यावर मोठं धरण बांधायचं काम चालू होतं आणि 1994 साली जाहीर झालं की दरीतल्या खडकांवर अश्मयुगातली कोरीव चित्रं आहेत: घोडे, रानबैल, रानबोकड, वीस हजार वर्षांहून जुने. 'चित्रांना पोहता येत नाही' अशी घोषणा देत लोक उभे राहिले, शाळेतली मुलंसुद्धा. सरकारने अर्धवट झालेलं धरण थांबवलं आणि 1998 साली दरी जागतिक वारसा झाली. ज्या देशात एवढ्या धरणांनी नदी बांधली तिथे हे घडलं, याचं मला प्रत्येक वेळी नव्याने मोल वाटतं. चित्रांपर्यंत फक्त गाइडबरोबर जीपने जाता येतं आणि माणसं मोजकी नेतात, तेव्हा जागा आधी राखून ठेवा. कानादा दु इन्फेर्नु सकाळी, पेनास्कोझा दुपारी, कारण तिरका प्रकाश पडल्याशिवाय रेघा दिसत नाहीत. पेनास्कोझाला पहिली दोन मिनिटं मला नुसता खडक दिसत होता. गाइडने बोट हवेत फिरवत एका घोड्याची पाठ दाखवली, मग मान, आणि मग कळलं की एकाच धडाला तीन डोकी आहेत. मान खाली घालणारा घोडा, हालताना दाखवलेला. एकदा दिसला की मग दिसेनासा होत नाही.

पुढे कास्तेलु मेल्योर, आल्मेंद्रा करत बार्का दाल्व्हा. हा दिवस सगळ्यात एकाकी. पाणी तीन लिटर घेऊन निघा, मधल्या गावातलं कॅफे बंद असू शकतं. परत येताना तोच रस्ता धरू नका. पूल ओलांडून उत्तर काठाने फ्रेइशु द एस्पादा आ सिंता, तिथून कार्विसाइश, आणि तिथे साबोर लाइनचा जुना मार्ग पकडा. ही मीटरगेज लाइन 1988 साली बंद पडली, तिच्या जागेवर तोर्रे द मोंकोर्वुपर्यंत सायकलवाट केली आहे. वाफेच्या इंजिनाला झेपेल एवढाच उतार, त्यामुळे आठवडाभर चढून दमलेल्या मांड्यांना ती वाट फार बरी वाटते. मोंकोर्वुहून खाली उतरलात की पोसिन्यु स्टेशन. सगळं मिळून नऊ-दहा दिवस ठेवा.

सायकली तिथून आणायच्या का? तुमच्या अंगाला बसलेली सायकल असेल तर आणा, पण दोन गोष्टी तपासून. एक, सगळ्यात हलका गिअर: पुढचं छोटं चक्र मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राएवढं किंवा त्याहून लहान हवंच. पुणे-गोव्याला जो गिअर पुरला तो इथे पुरेलच असं नाही. दोन, टायर: 35 ते 40 मिमी. गावांतून ग्रॅनाइटचे चौकोनी दगड बसवलेले रस्ते आहेत, पावसात ते साबण लावल्यासारखे निसरतात. आणि मळ्यातल्या कच्च्या वाटेवर शिस्टच्या चिरफाळ्या टायरची बाजू कापतात. एक घडीचा टायर बरोबर असू द्या. ब्रेक पॅडचा जादा जोड घ्या, कारण उतार लांब आहेत. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, आळीपाळीने दाबा आणि सोडा. हे जमत नसेल तर पोर्तोत सायकल भाड्याने घ्या. वहिनींना हवी असेल तर बॅटरीची घ्या, या खोऱ्यात त्यात गैर काही नाही.

हवा. दोउरूच्या उत्तरेकडच्या त्रास-उज-मोंतिश भागातली म्हण आहे: नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. जुलै-ऑगस्टमध्ये दरीत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मी कुणालाही नेत नाही. सप्टेंबरअखेर तुम्ही उत्तम निवडलं आहे, कारण तेव्हा 'व्हिंदिमा' म्हणजे द्राक्षतोडणी चालू असते. पण त्यामुळे खोल्या भरलेल्या असतात, पिन्यांव आणि सांव जुआंवचं बुकिंग दोन महिने आधी करा. मळ्यात तोडणी चालू असेल तर रस्त्यावर ट्रॅक्टर, सांडलेला रस, मधमाश्या हे सगळं धरून चाला. वेलीवरची द्राक्षं विचारल्याशिवाय तोडू नका. विचारलंत तर कुणी नाही म्हणत नाही.

खाण्याचं. शाकाहारी म्हणून उपाशी राहणार नाही, पण निवड थोडी राहील. 'काल्दु व्हेर्द' नावाचं सूप म्हणजे बटाटा आणि कोबीच्या जातीची बारीक चिरलेली पानं. 'बताता' आणि 'कोव्ह' हे त्यांचेच शब्द आपण उचलले. पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात, म्हणून 'सें शोरीसु, सें कार्न' हे पाठ करा आणि सूप मांसाच्या पाण्यात केलंय का तेही विचारा. अंडं चालत असेल तर ऑम्लेट कुठेही मिळतं. बाकी पाव, चीज, ऑलिव्ह, सुके अंजीर, बदाम. टेबलावर न मागता आणून ठेवलेला पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असेल तर हात लावायच्या आधी परत न्यायला सांगा, त्यात कुणाला राग येत नाही. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीचच्या आतच मिळतं, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुकानं बंद असू शकतात, शनिवारीच सामान भरून घ्या. गावोगाव दगडी कारंजी आहेत. 'आगुआ नांव कोंत्रोलादा' अशी पाटी असेल तर त्या पाण्याची तपासणी होत नाही, बाटली भरू नका. पोर्ट चाखायची असेल तर संध्याकाळी, सायकल उभी केल्यावर. ती साध्या वाइनपेक्षा बरीच कडक असते आणि उन्हात चढ लागला की डोकं गरगरतं.

पोसिन्युहून परत पोर्तोला येताना उजवीकडे बसा. फेराडोझाचा पूल येईपर्यंत नदी उजवीकडे असते, पूल ओलांडला की डावीकडे. पुलाच्या आधीच उठून जागा बदला, कारण पुढच्या दोन तासांत तुम्ही ज्या मजग्या चढून आलात त्या सगळ्या खालून दिसतात.